नानांना, अनुस्वार विसरू नका

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

ओटा पुसून झाला, नोझल कोमट पाण्यात भिजत पडलेत, तरी झोप येत नाहीये. आजचं आजच लिहून ठेवते.

संध्याकाळी साडेसहाला एक किलोचा बटरस्कॉच केक गेला. एका निवृत्त शिक्षकांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. उभा जन्म मराठी शिकवलं त्यांनी. ऑर्डर सुनेची. सकाळी तिचा व्हॉइस मेसेज आला, "ताई, वर पंचाहत्तर आकड्यात घाला, खाली 'नानांना'. अनुस्वार विसरू नका हं, ते लगेच पकडतात." माझ्या एका हातात बीटर होता. दुसऱ्या हातानं चिठ्ठीवर उतरवून घेतलं: ७५, नानांना, अनुस्वार विसरू नका. तीन ओळी, एकाखाली एक.

मदतीला येते ती मुलगी अकरावीत आहे. तिचं अक्षर फार सुरेख, म्हणून हल्ली नावं तीच घालते. मी दुसऱ्या केकच्या फोटोशीटमध्ये, म्हणजे केकवर चिकटवायच्या खाता येणाऱ्या फोटोत, अडकले होते. त्या शीटला ओला हात लागला की शाई पसरते, मग त्या क्षणी दुसरीकडे बघायची सोय नसते. तिनं चिठ्ठी डब्याला टेकवून उभी केली, बटर पेपरचा कोन वळवला, टोक कापलं आणि वितळलेल्या चॉकलेटनं तिन्ही ओळी घातल्या. आधी अक्षरं, शिरोरेषा शेवटी, एका दमात. मीच शिकवलंय तसं. बॉक्सला रिबिन बांधली, केक गेला.

आठ वाजता सुनेनं फोटो पाठवला. फोटोखाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. पांढऱ्या क्रीमवर ठसठशीत ओळी: ७५, नानांना, अनुस्वार विसरू नका. माझ्या पोटात गोळा आला. माणसाचा पंचाहत्तरावा वाढदिवस एकदाच येतो. चूक घरात दिसली असती तर निस्तरता आली असती. केक दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचा, चॉकलेट घट्ट झालं की टूथपिकनं अक्षर अलगद उचलायचं, पॅलेट नाइफनं क्रीम सारखं करायचं. डाग राहिलाच तर त्यावर एक गुलाब. पण समोरच्या घरी मेणबत्त्या लागल्यावर काय करणार?

अशाच चुकीचा अमेरिकेतला एक केक जगभर फिरलाय. निरोपाचा केक होता. फोनवर सांगितलं होतं, वर शुभेच्छा लिहा आणि 'त्याखाली' तुमची आठवण येईल असं लिहा. केकवर ते 'त्याखाली'सुद्धा उमटलं, तेही चुकीच्या स्पेलिंगनं. २०१९ मध्ये जॉर्जिया राज्यात एका आईनं मुलीच्या पंचविसाव्या वाढदिवसाला 'मोआना' या कार्टून सिनेमाचा केक सांगितला. दुकानात ऐकू गेलं 'मारिवाना', आणि केकवर आलं गांजाचं हिरवंगार पान. लोक हे फोटो बघून कारागिराला हसतात, ते मला पटत नाही. त्याच्या हातानं सांगितलेलंच काढलेलं असतं. घोळ होतो तो कानात नाहीतर चिठ्ठीवर. इकडेही तेच. हिंदी भाषक कारागिराला ळ ओळखीचा नसतो, म्हणून बाळासाहेबांचे बालासाहेब होतात. 'शुभेच्छा'चं 'शुभेच्या' तर बऱ्याचदा गिऱ्हाइकाच्या मेसेजमध्येच असतं, आणि आपण दुरुस्त केलं तर "मी असं लिहिलं नव्हतं" म्हणणारेही भेटतात. उद्यापासून चिठ्ठीवर केकवरचा मजकूर चौकटीत, सूचना चौकटीबाहेर. आणि बॉक्स बंद करण्याआधी मी स्वतः मोठ्यानं वाचणार.

तर, मी लगेच फोन लावला. माफी मागायला तोंड उघडलं, पण पलीकडे सुनेला हसू आवरेना. मागे सगळं घर हसत होतं. मग फोन नानांनी घेतला.

"ताई, हे कोणी लिहिलं?"

मी म्हटलं, "चूक माझी आहे नाना, चिठ्ठी मी लिहिली होती."

"चिठ्ठीचं राहू द्या. केकवर हात कोणाचा?"

मी मुलीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "विसरूचा रू दीर्घ काढलाय तिनं. अहो, शेवटचा ऊ दीर्घ असतो हे वर्गात सांगून सांगून माझा घसा बसायचा, आणि इथं क्रीमवर बरोबर आलाय. तिला सांगा, दहापैकी दहा."

चिठ्ठीवर मी काय लिहिलंय ते फोन ठेवल्यावर पाहिलं. घाईत माझा रु ऱ्हस्व पडला होता. तो तिनं आपणहून दुरुस्त केला होता.

सुनेनं नंतर आणखी एक फोटो पाठवला. पहिल्या दोन ओळींचे तुकडे सगळ्यांना वाटून झाले होते, आणि 'विसरू नका' एवढा अख्खा भाग नानांच्या ताटलीत होता.

मुलीला फोन केला होता. तिची आई म्हणाली, झोपली. उद्या नऊला येईल. चिठ्ठी फेकली नाहीये, फ्रीजला लावून ठेवलीय.