रद्द विमानाचे पैसे मधल्या मध्ये अडकतात तेव्हा

विमान कंपनी म्हणत होती, पैसे परत केले. ज्या पोर्टलवरून तिकीट काढलं ते म्हणत होतं, आमच्याकडे आलेच नाहीत. आणि दोघांच्या मध्ये माझे नऊ हजार आठशे रुपये. अखेर मिळाले, पण तोवर इतका मनस्ताप झाला की राग अजून उतरलेला नाही. ज्यांचे पैसे आत्ता असेच अडकलेत त्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितेय.

2024 चा पावसाळा. भावाच्या मुलीचं बारसं बंगळूरला, संध्याकाळचं. आई आणि मी पुण्याहून सकाळच्या विमानाने निघणार होतो. आदल्या दिवशी दुपारी मेसेज आला की विमान रद्द. पर्याय दोन: परवाचं विमान किंवा परतावा. परवा पोचून काय करणार? परतावा घेतला आणि रात्रीच्या स्लीपर बसने गेलो. आईचे गुडघे दुखत होते, तरी तिने चकार शब्द काढला नाही. बारसं छान झालं.

एक गोष्ट इथेच सांगते. विमान कंपनीने स्वतः विमान रद्द केलं, तर दुसरं विमान की पूर्ण पैसे हे प्रवाशाने ठरवायचं असतं. पैशांऐवजी 'क्रेडिट शेल', म्हणजे पुढच्या तिकिटासाठी जमा रक्कम, घ्यायची की नाही हेही प्रवाशानेच. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिचा तसा नियमच आहे. पण मेसेजमधल्या लिंकवर गेलं की क्रेडिट शेलचं बटण मोठं आणि ठळक दिसतं, परताव्याचं खाली बारीक अक्षरात. घाईत बोट चुकीच्या जागी पडू देऊ नका.

आता मुख्य अडचण. विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर, म्हणजे तिचा बुकिंग क्रमांक, टाकला की दोन-तीन दिवसांतच हिरव्या अक्षरांत 'रिफंड प्रोसेस्ड' दिसायला लागलं. बँकेत काहीच नाही. बरेच दिवस थांबून कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, आमच्याकडून पैसे गेलेत, तुम्ही एजंटशी बोला." पोर्टलच्या चॅटवर उत्तर, "एअरलाइनकडून कन्फर्मेशन आलं की लगेच करतो, कृपया प्रतीक्षा करा." परत कंपनी. "एजंटशी बोला." परत पोर्टल. "प्रतीक्षा करा." दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि बोलणं संपलं की तक्रार 'निकाली' दाखवून बंद. एकदा तर माझा प्रश्न टाइप करून होण्याआधीच चॅट बंद झालं. दुपारच्या जेवणाच्या सुट्ट्या यात गेल्या. कुणी उद्धट बोललं असतं तर निदान भांडता आलं असतं. इथे सगळे गोड बोलत होते आणि कुणीच काही करत नव्हतं.

मी हिशेब विभागात नोकरी करते. नावे बाजू लागली आणि जमा बाजू लागली नाही, तर रक्कम हवेत नसते, ती कुठल्या तरी खात्यात पडलेली असते. म्हणून पुढच्या फोनवर "पैसे कधी मिळतील" हा प्रश्न सोडून दिला आणि विचारलं, "कुठल्या तारखेला, किती रक्कम, कोणाच्या खात्यात जमा केलीत?" त्या एका प्रश्नाने गाठ सुटायला लागली. पोर्टल विमान कंपनीकडे आधीच मोठी रक्कम ठेवतं, त्याला एजन्सी वॉलेट म्हणतात. आपण पोर्टलला कार्डाने पैसे देतो, पोर्टल त्या वॉलेटमधून तिकीट काढतं. विमान रद्द झालं की कंपनी पैसे परत करते ते त्याच वॉलेटमध्ये. माझ्या कार्डाचा नंबर कंपनीला माहीतच नसतो. म्हणजे कंपनी खोटं बोलत नव्हती. पैसे पोर्टलच्या वॉलेटमध्ये येऊन पडले होते आणि तिथे त्यांचा ताळमेळ घालून माझ्या कार्डावर पाठवायला कुणाला घाई नव्हती.

हे कळल्यावर मला कॅप्टन गोपीनाथ आठवले, एअर डेक्कन ही स्वस्त विमान कंपनी काढणारे. आमच्या घरात त्यांचं नाव आदराने घेतलं जातं. बाबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर ते आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले ते मुंबईहून बंगळूरला, एअर डेक्कनने. त्या कंपनीचं बोधचित्र होतं आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन, आणि बाबांना तो आपलाच फोटो वाटला होता. कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या गोरूरचा हा माणूस, म्हणजे गोपीनाथ, 1971 च्या युद्धात लढला, लष्कर सोडून गावी रेशीमशेती केली, 1997 मध्ये हेलिकॉप्टरची कंपनी काढली आणि 2003 मध्ये एअर डेक्कन. चार वर्षांत साठहून अधिक शहरं जोडली, त्यातली कितीतरी अशी जिथे मोठ्या कंपन्या फिरकतही नव्हत्या. एक रुपयाच्या तिकिटांच्या योजना काढल्या. 2007 मध्ये कंपनी विजय मल्ल्यांच्या समूहाकडे गेली, नाव बदललं आणि 2011 मध्ये ती स्वस्त सेवा बंदही झाली. पण साध्या माणसाने विमानात बसायचं असतं हे त्यांनी दाखवून दिलं, ते पुसलं गेलं नाही.

त्यांनी पैसे कुठे वाचवले ते बघा. फुकट जेवण नाही, छापील तिकीट नाही, जमिनीवर विमान कमीत कमी वेळ उभं. आणि आरक्षणाच्या जागतिक यंत्रणांना तिकिटामागे जो पैसा द्यावा लागायचा तो टाळून इंटरनेटवरून विक्री. ब्रिटनमध्ये 1995 साली स्टेलिओस हाजी-इओआनू यांनी इझीजेट सुरू केली तेव्हा तर विमानाच्या अंगावरच भल्यामोठ्या नारिंगी आकड्यांत बुकिंगचा फोन नंबर रंगवला होता. एजंट नको, सरळ आम्हाला फोन करा. स्वस्त तिकिटाचा पाया हा आहे: कंपनी आणि प्रवासी यांच्या मधली माणसं कमी करणं. आज ती मधली जागा पोर्टलांनी परत भरून काढली आहे, वर 'कन्व्हिनियन्स फी' घेऊन. मी स्वस्त विमानसेवेच्या बाजूची आहे. पाण्याची बाटली विकत घ्या म्हणा, सीट निवडायला पैसे लावा, माझी तक्रार नाही. पण पैसे घेताना एका क्लिकवर घेता, तर परत देतानाही रस्ता तेवढाच लहान हवा.

तर पुढे काय केलं. डीजीसीएच्या नियमात स्पष्ट आहे की तिकीट एजंट किंवा पोर्टलमार्फत काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट हा कंपनीने नेमलेला प्रतिनिधी. त्यासाठी तेव्हा 30 कामकाजाच्या दिवसांची मुदत होती. ती उलटून गेली होती. हाच नियम लिहून विमान कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, ईमेल केला. त्यांचं नाव आणि पत्ता कंपनीच्या साइटवर असतो, अगदी तळाशी शोधावा लागतो. त्यांनी समाधान केलं नाही तर वर अपिलीय अधिकारी असतो. ईमेलमध्ये एकच मागणी केली: परतावा कोणत्या तारखेला, किती, कोणत्या एजन्सीच्या खात्यात जमा केला ते लेखी द्या. ते उत्तर आलं.

ते एक पानी उत्तर हातात आल्यावर मी ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवलं. तेच जोडून पोर्टलच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं. चॅटला नव्हे, हे महत्त्वाचं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक पोर्टलला असा अधिकारी नेमावाच लागतो, 48 तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावं लागतं. सोबत एअरसेवा या सरकारी पोर्टलवर विमान कंपनीविरुद्ध तक्रार घातली. पहिली तक्रार "एजंटला पैसे दिले आहेत" एवढ्यावर बंद झाली. पुन्हा घातली, या वेळी जबाबदारीचा नियम आणि ते लेखी उत्तर जोडून. मग पोर्टलकडून फोन आला. मी करण्याऐवजी त्यांचा, हे पहिल्यांदाच. आवाज वेगळा, घाई वेगळी. थोड्याच दिवसांत पैसे कार्डावर जमा. मेसेज आला तेव्हा मी बसमध्ये उभी होते, तिथूनच आईला फोन लावला.

कन्व्हिनियन्स फी मात्र कापून घेतली. मी विमान रद्द केलं नव्हतं, मला सोय कसलीही झाली नव्हती, तरी फी त्यांचीच. ती मी सोडलेली नाही, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिली आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

ग्राहक आयोगात जायचीही तयारी केली होती. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. तसं ईमेलच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. धमकी म्हणून लिहू नका, खरंच जाणार असाल तरच लिहा.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवलं: विमान रद्द झाल्याचा मेसेज, ईमेल आणि साइटवरचं पान यांचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा. पोर्टलचा बुकिंग क्रमांक आणि विमान कंपनीचा पीएनआर हे दोन वेगळे असतात, दोन्ही लिहून ठेवा, कंपनीला पोर्टलचा क्रमांक सांगून काही सापडत नाही. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथे भामट्यांचे नंबर असतात आणि "रिफंड देतो, हे ॲप टाका" म्हणून खातं रिकामं करतात. नंबर फक्त कंपनीच्या ॲपमधून किंवा तिकिटावरून घ्या.

तुम्ही स्वतः तिकीट रद्द केलंत आणि ते 'नॉन-रिफंडेबल' असलं, तरी विमानतळाचे कर आणि शुल्क परत मिळायलाच हवेत. तिकिटात मूळ भाडं आणि कर वेगळे दाखवलेले असतात, ते बघून मागा.

आणि पोर्टलवरूनच तिकीट काढायचं असेल, तर काढल्या काढल्या विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून तिथे आपलाच मोबाइल नंबर आहे ना ते तपासा. कित्येकदा एजंट स्वतःचा नंबर टाकतात, मग विमान रद्द झाल्याचा मेसेज त्यांना जातो आणि तुम्ही बॅगा घेऊन विमानतळावर पोचलेले असता.