सामोआ : पाच पूर्णांक एक दशांश बायका

प्रशांत महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशाला जाणारी माणसं समुद्रासाठी जातात. लालोमानूच्या किनाऱ्याचं पाणी फोटोत दिसतं तसंच प्रत्यक्षातही आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र माझ्या मते या देशातली सगळ्यात बघण्यासारखी जागा राजधानी अपियाच्या पश्चिमेला आहे. मुलिनुउ नावाची ती जमिनीची चिंचोळी पट्टी समुद्रात शिरलेली आहे. तिथे संसद आहे, सर्वोच्च न्यायालय आहे आणि जमीन व पदव्यांचे (शिक्षणाच्या नव्हे, कुळाच्या मानाच्या पदव्यांचे) खटले चालवणारं वेगळं न्यायालयही आहे. एका दुपारी पायी हिंडून संपेल एवढाच भाग. ऊन मात्र भयंकर, आणि सावलीचा पत्ता नाही.

संसदेची इमारत 2019 साली उघडलेली, गोल छपराची, पारंपरिक सामोअन घराच्या, म्हणजे फालेच्या घाटाची. 24 मे 2021 रोजी याच इमारतीला कुलूप होतं. सरन्यायाधीश सातिऊ सिमातिवा पेरेसे न्यायालयातून झगा आणि केसांचा टोप घालून, बरोबरच्या न्यायाधीशांसह इथवर चालत आले, दार लोटून पाहिलं आणि परत फिरले. संध्याकाळी समोरच्या हिरवळीवर तंबू ठोकून फियामे नाओमी माताआफा यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. देशाच्या त्या पहिल्या महिला पंतप्रधान.

आता हे कुलूप का लागलं, ते समजून घेण्यासारखं आहे. 2013 साली सामोआनं घटनादुरुस्ती केली : संसदेत किमान 10 टक्के स्त्रिया हव्यातच. आपल्या पंचायतीसारखे राखीव मतदारसंघ तिथे नाहीत. निवडणूक सगळ्यांसाठी खुली असते. निकाल लागल्यावर निवडून आलेल्या स्त्रिया मोजायच्या. संख्या कमी भरली तर हरलेल्या स्त्री उमेदवारांपैकी जिची मतांची टक्केवारी सगळ्यात जास्त, तिला जादा जागा देऊन आत घ्यायचं. कोणाचीही जागा जात नाही, सभागृह तेवढं वाढतं. तेव्हा जागा 49 होत्या, म्हणून कायद्यात शंका नको या हेतूनं 'सध्या 5' असंही लिहून ठेवलं. 2016 ला चार जणी निवडून आल्या, पाचवी वरून आली आणि 49 चं सभागृह 50 चं झालं. कुठे काही अडलं नाही.

पुढे जागा 51 झाल्या. 51 चे दहा टक्के म्हणजे 5.1. आणि कायद्यात 'सध्या 5' हे शब्द तसेच राहिले. 9 एप्रिल 2021 च्या निवडणुकीत जुन्या सत्ताधारी पक्षाला 25, फियामे यांच्या नव्या 'फास्ट' पक्षाला 25 आणि एक अपक्ष. बायका पाच. तो अपक्ष कुठे जाणार याकडे सगळा देश डोळे लावून बसलेला असताना निवडणूक आयुक्तांनी जाहीर केलं की 5.1 म्हणजे पाच पुरत नाहीत, सहा हव्यात. ती सहावी जागा जुन्या पक्षाच्या उमेदवाराला गेली. दुसऱ्या दिवशी अपक्ष 'फास्ट'मध्ये आला तेव्हा हिशेब झाला 26–26. बायकांना सभागृहात आणण्यासाठी केलेली तरतूद पहिल्या बाईला पंतप्रधान होण्यापासून अडवायला कामी आली. कायदा लिहिणाऱ्यानं अपूर्णांकाचं काय करायचं हे एका ओळीत लिहिलं असतं तर पुढचे तीन महिने वाचले असते.

सर्वोच्च न्यायालयानं 17 मे रोजी ती नेमणूक रद्द केली. निवडणुकीनंतर 45 दिवसांत संसद भरलीच पाहिजे अशी घटनेची अट, आणि पंचेचाळिसावा दिवस होता 24 मे. राष्ट्रप्रमुखांनी बैठकीचं फर्मान शनिवारी स्थगित केलं. न्यायालयानं रविवारी (सामोआत, रविवारी!) बसून ती स्थगिती उठवली. सोमवारी दाराला कुलूप. अपील न्यायालयानं नंतर जो निवाडा दिला तो मला फार आवडतो : किमान संख्या सहाच, पण जादा जागा भरायची ती निवडणूक याचिका आणि पोटनिवडणुका आटोपल्यावर. म्हणजे गणित आयुक्तांचं बरोबर, वेळ चुकीची. तंबूतली शपथ वैध ठरायला 23 जुलै उजाडला.

रविवारचं उद्गारचिन्ह उगाच नाही. रविवारी अपिया बंद म्हणजे बंद असतं. बसही क्वचितच. इतर दिवशीच्या बसगाड्या मला आवडल्या : लाकडी बांधणीच्या, कर्कश गाणी लावलेल्या, आणि जागा संपली की लोक एकमेकांच्या मांडीवर बसतात. त्यातही शिस्त आहे. बायका आणि पाहुणे पुढे, तरुण मागे. वेळापत्रक विचारू नका, गाडी भरली की निघते.

उपोलू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर लोतोफांगा गावात 'तो सुआ' नावाचा एक प्रचंड नैसर्गिक खड्डा आहे, सुमारे 30 मीटर खोल, तळाशी समुद्राचं हिरवंनिळं पाणी. उभ्या शिडीवरून उतरायचं. शिडी एक आणि फोन उंचावलेले पर्यटक ढीगभर, त्यामुळे वर रांग, खाली रांग आणि मधल्या पायरीवर सेल्फी. सकाळी लवकर गेलात तरच मजा. पण चिडचीड झाली ती वेगळ्याच कारणानं. माझ्या कानावर पडलेल्या वाटाड्यांच्या माहितीत पाण्याची खोली होती, शिडीच्या पायऱ्या होत्या, लाव्हारस होता. ज्या गावात आपण उभे आहोत त्या गावाची पदवी एका विशीतल्या मुलीनं न्यायालयात लढून मिळवली, हे कोणी बोलत नव्हतं.

फियामे ही ती पदवी. नाओमी यांचे वडील स्वतंत्र सामोआचे पहिले पंतप्रधान. ते 1975 साली गेले. पदवीवर वाद झाला आणि शिक्षण अर्धवट टाकून ही मुलगी न्यूझीलंडहून परत आली. मुलिनुउच्या त्याच पदव्यांच्या न्यायालयातून सत्तरच्या दशकाच्या शेवटी लोतोफांगाची फियामे पदवी तिला मिळाली. 1985 पासून त्या इथल्या खासदार.

पदवीचं एवढं काय, असं वाटेल. सामोआत संसदेची निवडणूक लढवायला मताई, म्हणजे कुटुंबाचा पदवीधारक प्रमुख असावं लागतं. 1990 च्या सार्वमतापर्यंत मतसुद्धा मताईंनाच होतं. पदवी मुलाकडून जाते तशी मुलीकडूनही जाते, वारस दोघंही. कागदावर आडकाठी नाही. तरीही मताईंमध्ये बायका दहांत जेमतेम एक, आणि काही गावं तर स्त्री मताई मानतच नाहीत. पदवी कोणाला द्यायची हे सगळं कुळ बसून ठरवतं. मग साओफाईचा समारंभ : आवा हे पेय, भाषणं, डुकरं, डबाबंद मासळीची खोकी, रोख रक्कम आणि बारीक विणीच्या चटया. पदवी घेणाऱ्याच्या घरचा खर्च डोळे फिरवणारा असतो. त्यानंतर न्यायालयात नोंद. उमेदवारी अर्ज भरताना आणखी एक गोष्ट लागते, मोनोतांगा, म्हणजे गावाची सलग तीन वर्षं केलेली सेवा आणि दिलेली वर्गणी. ती दिल्याचा दाखला गावच्या सरकारमान्य प्रतिनिधीचा, आणि तो बहुधा पुरुष. जे गाव बाईला फोनोत, म्हणजे मताईंच्या सभेत बसूच देत नाही, तिथे तिची सेवा मोजायची कोणी आणि कशी?

बसू देणाऱ्या गावांतही पदवीधारक बाई पुष्कळदा जात नाही. भावाला पाठवते. याचं कारण बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. सामोआत बहीण ही भावाची फेआंगाइंगा असते, पवित्र करारासारखं नातं. तिच्यासमोर भावानं अचकट विचकट बोलायचं नाही, आवाज चढवायचा नाही. फोनोत तर थट्टा, टोमणे, चावट विनोद यांवरच अर्धी चर्चा चालते. बाई येऊन बसली की सगळे गप्प, आणि तिलाही अवघडल्यासारखं होतं. म्हणजे तिला सभेबाहेर ठेवणारा तिरस्कार नव्हे, आदरच. तिरस्काराशी भांडता येतं. आदराशी कसं भांडायचं हे मला तरी सुचत नाही.

आणि हा आदर माहेरापुरता. आपल्या गावात ती गावची लेक, आउआलुमा या लेकींच्या मंडळाची सदस्य, घरच्या कार्यात मानाची. सासरच्या गावी तीच बाई नोफोताने, म्हणजे नवऱ्याकडे राहायला आलेली. तिथला तिचा दर्जा नवऱ्याच्या दर्जावरून ठरतो. नवरा मताई असेल तर बायकोला मताईपत्नींच्या मंडळात जागा. नवऱ्याला पदवी नसेल तर चूल, भांडी आणि पाहुण्यांची ताटं. मराठी वाचकाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. 'स्त्री-नेतृत्व' म्हणून जे कार्यक्रम आखले जातात त्यांनी निदान कुठल्या गावातली कुठली बाई, लेक की सून, हे आधी विचारावं. एकाच सभागृहात दोघींना बसवून प्रशिक्षण दिलं की सून बोलत नाही, आणि अहवालात 'सहभाग चांगला' असं येतं.

गावातली खरी बायकांची सत्ता मला महिला समितीत दिसते. न्यूझीलंडच्या राजवटीत 1920 च्या दशकात आरोग्यासाठी या समित्या उभ्या राहिल्या. बाळांची तपासणी, संडास, पिण्याचं पाणी, डासांची पैदास हे त्यांचं काम. समितीच्या बायका घराघरांत जाऊन पाहणी करत : मच्छरदाण्या, चादरी, चटया, ताटं मांडून दाखवायची, कमी पडलं तर दंड. अंगण न झाडलेल्या मताईच्या घरालाही सूट नव्हती. आज ही पाहणी कुठे कडक आहे, कुठे नावापुरती.

समितीचं दुसरं काम विणकाम. इए तोंगा ही चटई अंथरायची नसते. लग्न, मयत, साओफाई, माफी, सगळीकडे ती देतात-घेतात, आणि ती देण्याची कुवत हीच कुटुंबाची पत. केतकीच्या कुळातल्या एका झुडपाची लांब पानं कापायची, कडांचे काटे सुरीनं काढायचे, गुंडाळून उकळायची. मग पानाचा वरचा तकतकीत पापुद्रा खालच्या खरबरीत थरापासून सोलायचा. इथे घाई केली की पापुद्रा फाटतो. उन्हात पांढरा करून त्याच्या मिलीमीटर-दोन मिलीमीटरच्या पट्ट्या काढायच्या. पट्ट्यांची रुंदी कमीजास्त झाली तर वीण एका बाजूला ओढली जाते आणि चटईला सुरकुती पडते, जी नंतर जात नाही. पान वाळून कडक झालं तर मोडतं, दमट राहिलं तर बुरशीचे काळे डाग. म्हणून विणायला बसायचं ते सकाळी, ऊन तापायच्या आत. काम महिनोन् महिने चालतं, शेवटी कडेला लाल पिसं. चांगल्या चटईला हजारो ताला (तिथलं चलन) पडतात.

विसाव्या शतकात संख्येच्या हव्यासापायी जाड, रुंद पट्ट्यांच्या चटया बोकाळल्या आणि बारीक काम जवळजवळ विसरलं गेलं. ओफा आणि वाल या चक्रीवादळांनी शेती झोपवली त्या काळात, 1991 साली, 'विमेन इन बिझनेस डेव्हलपमेंट' ही संस्था सुरू झाली. तिनं बारीक वीण परत आणली, आणि थंड दाबाचं खोबरेल गावागावांत काढायला शिकवलं. चटईच्या कामात विणकरणीचं काम ठरलेल्या दिवशी मोजून, पाहून पैसे द्यायचे, ही पद्धत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एरवी महिनोन् महिने बिनपगारी बसणं परवडतं कोणाला? 2019 मध्ये ही कला युनेस्कोच्या यादीत गेली.

गंमत अशी की साओफाईत पदवी पुरुषाला मिळते ती या चटयांच्या ढिगावर, आणि ढीग विणतात बायका.

महाराष्ट्रात पंचायतीत 50 टक्के जागा राखीव झाल्या आणि सरपंचपती नावाचा प्राणी जन्मला, तरी बाई निवडणुकीला उभी तर राहते. सामोआत 2021 ला दोनशेच्या आसपास उमेदवारांत बायका वीस-बावीस. दहा टक्क्यांची तरतूद हरलेल्या बाईला आत आणते, पण हरण्यासाठीही आधी उभं राहावं लागतं. 2025 मध्ये अर्थसंकल्प फेटाळला गेला, ऑगस्टात मुदतपूर्व निवडणूक झाली आणि 'फास्ट'मधून बाहेर पडलेल्या फियामे यांचा आणखी एक नवा पक्ष तीन जागांवर थांबला. लोतोफांगाची जागा त्यांनी राखली.

विणकाम बघायला गावात जायचं तर गुडघ्याखाली येणारी लावालावा (लुंगीसारखं वस्त्र) नेसा, खातखात रस्त्यानं चालू नका, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा किंवा शंख वाजला की असाल तिथे थांबा. घरात शिरल्यावर उभ्यानं बोलू नका, चटईवर बसा. तळवे समोरच्याकडे करायचे नाहीत. पाय लांब करायचेच झाले तर वर चटई ओढून घ्यायची. बरोबरचे ऑस्ट्रेलियन पर्यटक दहा मिनिटांत चुळबुळायला लागतात. आपल्याला मांडी घालून तासभर सहज बसता येतं, आणि विणणाऱ्या बायकांशी बोलायला तेवढा वेळ लागतोच.