लाइट गेल्यावर

माळा आवरताना आप्पांचा ट्रान्झिस्टर सापडला. आतले सेल कधीतरी फुटलेले, स्प्रिंगांवर हिरवट थर. पॉलिश पेपरनं घासलं, नवे सेल घातले, बटण फिरवलं आणि तो चक्क खरखरला. पण नुसताच खरखरला.

आप्पांच्या वेळी या खरखरीपलीकडे कुणीतरी असायचं. सिनेमाची गाणी आकाशवाणीला नकोशी झाली आणि १९५२ साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला आली. आमच्या घरात बुधवारी रात्री आठला दुसरं काही चालायचंच नाही. अमीन सायानींचा आवाज लाटेसारखा यायचा, ओसरायचा, आणि नेमका वरचं पायदान, म्हणजे वरच्या क्रमांकाचं गाणं, जाहीर होताना बुडायचा. मग आप्पा डायल केसभर हलवायचे. तेवढं हलवणं मला अजून जमत नाही.

आता त्या शॉर्टवेव्हच्या पट्ट्यावर गर्दी उरलेली नाही. बीबीसी हिंदीसुद्धा ३१ जानेवारी २०२०ला शॉर्टवेव्हवरून गेली. तरी मी रोज रात्री बसतो. सूर्य मावळला की आकाशातला लहरी गिळणारा खालचा थर विरतो आणि वरच्या थरावर आपटून ३१, ४१, ४९ मीटरच्या पट्ट्यांवर लांबलांबची केंद्रं यायला लागतात. निदान यायला हवीत.

खिडकीतून कपडे वाळत घालायच्या दांडीपर्यंत वायर ओढली, चिमट्यानं एरियलला जोडली. खरखर दुप्पट! मग रेडिओ हातात घेऊन घरभर फिरलो. राउटरजवळ चरचर, एलईडी दिव्याखाली भुणभुण, मोबाइलच्या चार्जरपाशी तर कान फुटायची वेळ. घरातल्या प्रत्येक डब्यानं आपलं स्टेशन काढलंय.

"अहो, चोर शोधताय का?" बायकोनं विचारलं. मुलगा म्हणाला, "बाबा, हे सगळं नेटवर येतं की." येतं. म्हणूनच तर ते शोधावंसं वाटत नाही.

परवा रात्री नऊच्या सुमारास लाइट गेली, सगळ्या कॉलनीची. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही, याचं पहिल्यांदाच बरं वाटलं. अंधारात रेडिओ लावला तर खरखर पार खाली बसलेली. एक चिनी बाई, मग दूर कुठेतरी अजानसारखं काही, आणि ३१ मीटरच्या जरा पुढे, डायलवर जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे, टिक, टिक, टिक. दर सेकंदाला एक. नंतर कळलं, ती चीनच्या बीपीएम केंद्राची वेळ, १० मेगाहर्ट्झवर. चारेक हजार किलोमीटरवरचं घड्याळ माझ्या गॅलरीत वाजत होतं. बायको टॉर्च घेऊन आली, काही न बोलता शेजारी बसली.

दहा मिनिटांनी सगळ्या बिल्डिंगमधून "आली, आली!" ऐकू आलं. बायको फ्रिज बघायला उठली. मी रेडिओ कानाला लावला, पण राउटर सुरू झाला होता.