तुम्ही विचारलंत म्हणून: शिबिरात काम कोणतं घ्यावं?

राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर तोंडावर आलं की नवे कार्यक्रम अधिकारी, म्हणजे महाविद्यालयात ही योजना सांभाळणारे प्राध्यापक, हमखास विचारतात, दत्तक गावात कोणतं काम घ्यावं? आमचं उत्तर ठरलेलं आहे: मोरीच्या सांडपाण्याचे शोषखड्डे, म्हणजे ते पाणी जमिनीत मुरवणारे दगड भरलेले खड्डे.

वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेली पोती रचून ओढ्याला घातलेला बांध, फोटोत देखणा दिसतो, पण तो ओढा वाहता असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात घालायचा. परीक्षा उरकून शिबिर लागेपर्यंत बरेच ओढे आटलेले असतात. बंधारा शिबिराबाहेरच्या, वर्षाच्या १२० तासांच्या नियमित कामात बसवा. वृक्षारोपणाचंही तेच. जानेवारीत लावलेल्या रोपाला मेपर्यंत पाणी कोण घालणार, हे उद्घाटनाच्या भाषणात कुणी बोलत नाही.

आता हिशेब. ५० स्वयंसेवक म्हणजे पाच-पाच जणांचे दहा गट. श्रमदान सकाळचंच, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक. चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणायला दोन सकाळी, भरायला एक. गटामागे दोन खड्डे, एकूण वीस. एवढ्यांना बारा-तेरा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) दगड-विटांचे तुकडे लागतात आणि शिबिर फसतं ते इथेच. खड्डे खणून होतात, ट्रॉली येत नाही, समारोप होतो आणि लोकांच्या दारात उघडे खड्डे राहतात. दगड गावात पडल्याशिवाय कुदळ उचलू नका.

जागा घरातल्या बाईला विचारून ठरवा. मोरीचं पाणी कुठे तुंबतं ते तिलाच ठाऊक असतं. विहीर-बोअरपासून किमान ५० फूट लांब, भिंतीपासून पाच-सहा फूट. आधी हातभर खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून बघा. काळ्या मातीत ते तसंच उभं राहतं. खाली मुरूम लागत नसेल तर तिथे खणूच नका.

तळाला मोठे दगड, वर लहान. मधोमध बुडाला भोकं पाडलेलं मडकं, त्यात नारळाच्या शेंड्या. पाइप त्यातच सोडायचा. साबणाचा मळ आणि खरकटं शेंड्यांत अडकतं. दगडांवर रिकामी पोती अंथरून मगच माती ओढा, नाहीतर पहिल्याच पावसात माती दगडांत उतरून खड्डा बसतो. मडक्याचं तोंड मात्र मातीखाली गाडू नका, त्यावर नुसतं झाकण ठेवा, कारण शेंड्या पंधरवड्याला बदलाव्या लागतात. शेंड्या न बदललेला खड्डा वर्षभरात तुंबतो.

म्हणून निघताना वीस घरांची यादी ग्रामपंचायतीत द्या, एक प्रत पुढच्या वर्षीच्या गटप्रमुखासाठी ठेवा आणि महिन्याभराने दोघांना मडकी उघडून बघायला पाठवा.