सतरा वर्षांची सेवा आणि एक प्रतिस्वाक्षरी

दिव्यांग मुलांना नेहमीच्या वर्गात कसं सामावून घ्यायचं, याचं मुख्याध्यापकांना प्रशिक्षण द्यायला लागून आता चार वर्षं होतील. विशेष शिक्षिका ते प्रशिक्षक हा प्रवास कसा झाला, असं बरेच जण विचारतात. अर्ज, मुलाखत, नमुना सत्र हे सगळं दोन आठवड्यांत उरकलं. अडले ते अनुभवाच्या दाखल्यावर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

2003 ते 2020 मी एका तालुक्याच्या गावी कर्णबधिर शाळेत शिकवत होते. आरशासमोर मूल मांडीवर घ्यायचं, त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा आणि ‘ब’ म्हणायचं. हाताला थरथर लागते. मग ‘प’ म्हणायचं, थरथर नाही. ओठ तर दोन्हीला सारखेच मिटतात. एकेका मुलाला हा फरक कळायला महिना महिना लागायचा. ज्या दिवशी कळायचा, त्या दिवशी ते मूल स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून घरभर ‘ब, ब’ करत फिरायचं.

हा अनुभव ‘शिकवण्याचा अनुभव’ आहे की नाही, यावर एका जिल्ह्याच्या कार्यालयात माझे सत्तेचाळीस दिवस गेले.

मुख्याध्यापक प्रशिक्षणासाठी तज्ज्ञ नेमायचे होते. अट होती दहा वर्षांच्या अध्यापनाची, आणि दाखल्यावर शिक्षण विभागाची प्रतिस्वाक्षरी, म्हणजे शाळेच्या सहीला दुजोरा देणारी दुसरी सही. गोम इथेच आहे. आपल्याकडच्या विशेष शाळा शालेय शिक्षण विभागाकडे नसतात. त्या तेव्हा समाजकल्याणकडे होत्या. 2022 च्या डिसेंबरात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला आणि त्या तिकडे गेल्या. माझ्या वेळी मात्र वैयक्तिक मान्यता (शिक्षक म्हणून नेमणुकीला मिळालेली सरकारी मंजुरी), पगार, सेवापुस्तक सगळं समाजकल्याणकडेच होतं. शिक्षण विभागाच्या टेबलावर उत्तर मिळालं, “मॅडम, तुमची शाळा आमच्या यादीतच नाही. सही कशी करणार?” समाजकल्याणमध्ये गेले. “आम्ही सही देतो, पण जाहिरातीत शिक्षण विभाग लिहिलंय. चालली नाही तर आम्हाला बोलू नका.” दोन्ही कार्यालयं एकाच आवारात, मधे फक्त एक जिना. तो जिना मी किती वेळा चढले-उतरले याचा हिशेब नाही. कधी साहेब दौऱ्यावर, कधी फाइल पुट-अप झालीय, कधी संबंधित लिपिक रजेवर. एकदा तर एक जण म्हणाले, “ती मुलं बोलत नाहीत ना, मग शिकवता काय?” त्या दिवशी मी बसस्टँडवर बसून रडले. सतरा वर्षं मी वर्गात होते. खडू हातात होता, हजेरी घेत होते, मुलं पुढे दहावीला बसत होती.

तिसऱ्या आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्यांनी सांगितलं म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. सहीबद्दल एक शब्द लिहिला नाही. फक्त विचारलं : माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होता? उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. त्याआधीच फोन आला, फाइल सापडली. समाजकल्याणची प्रतिस्वाक्षरी मिळाली. पण खरी गाठ सुटली ती दुसऱ्याच गोष्टीने. ज्या संस्थेला तज्ज्ञ हवे होते तिलाच मी ईमेल केला की विशेष शाळेसाठी सक्षम अधिकारी समाजकल्याणचे असतात, त्यांची सही चालेल का? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : चालेल. हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. तुम्ही तरी विचारा, आणि लेखी विचारा.

दाखल्यासोबत वैयक्तिक मान्यतेच्या आदेशाची प्रत जोडा, नुसत्या नेमणूकपत्रावर भागत नाही. अर्ज देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझ्या पहिल्या अर्जावर तो नव्हता, म्हणून तो ‘आलाच नाही’. आणि हो, विशेष शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेतली आपली नोंदणी आधी तपासा. ती पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, आणि ऐन वेळी मुदत संपलेली निघते.

आता कामाविषयी. प्रशिक्षणाच्या पहिल्या सत्रात मी फळ्याकडे तोंड करून पाच मिनिटं हळू आवाजात बोलते. मुख्याध्यापक आधी गप्प बसतात, मग कुजबुजतात, मग कोणीतरी वैतागून म्हणतं, “मॅडम, इकडे बघून बोला ना!” तिथून माझा विषय सुरू होतो. दिव्यांगांच्या हक्कांसाठीच्या 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात एकवीस झाले. भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, हे कायद्यातच आहे. पण कलम पाठ असलेला मुख्याध्यापकही पालकांना “तुमच्या मुलासाठी वेगळी शाळा बघा” असं सहज सांगून जातो, कारण वर्गात नेमकं करायचं काय हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं. ते दाखवणं हे माझं काम, आणि त्याचा मला अभिमान आहे.

मागच्या महिन्यात एका बॅचमधल्या सरांचा रात्री फोन आला. दुसरीत श्रवणयंत्र लावलेली मुलगी आलीय, कुठे बसवू? मी म्हटलं, दुसऱ्या रांगेत बसवा, म्हणजे बाईंचा चेहरा दिसेल आणि मान वळवून इतर मुलंही दिसतील. आणि बाईंना सांगा, खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं नाही. त्यांच्या तोंडावर उजेड हवा.