बाकीच्या पेशी काय करतायत?

शाळेने सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागितलं, तेव्हा मला स्नेहसंमेलन आठवलं नाही, क्रीडांगण आठवलं नाही. आठवली ती जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकातली एक फजिती.

कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून काचपट्टीवर दाबायचं आणि सूक्ष्मदर्शकात दिसेल ते जर्नलमध्ये काढायचं होतं. मी पुस्तकातल्या आकृत्याच उतरवल्या. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था, सगळं रेखीव. बाईंनी जर्नल पाहिलं आणि मला पुन्हा भिंगाशी बसवलं. "मोज. शंभरातल्या किती पेशी विभागतायत?" बारा-तेरा निघाल्या. "मग बाकीच्या काय करतायत?"

"काही नाही बाई, नुसत्या आहेत."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, पण उत्तरही त्यांनी दिलं नाही. तेव्हा त्याचा रागच आला होता.

पुढे पॅथॉलॉजी शिकताना उमगलं, की 'नुसतं' राहायला पेशीला बरंच काही करावं लागतं. १९८२ मध्ये टिम हंट या शास्त्रज्ञांना सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या फलित अंड्यांत एक प्रथिन दिसलं. ते हळूहळू साठायचं आणि पेशी दुभंगायच्या वेळी एकाएकी नाहीसं व्हायचं. पुन्हा साठायचं, पुन्हा नाहीसं. तेच सायक्लिन. सीडीके हे विकर पेशीत असतंच, पण एकटं असताना निष्क्रिय. सायक्लिन येऊन चिकटलं की ते जागं होतं आणि इतर प्रथिनांवर फॉस्फेटचे शिक्के मारत सुटतं. काम झालं की पेशी सायक्लिन मोडून टाकते. दर फेरीला काटा मोडायचा आणि नवा घडवायचा, असलं हे घड्याळ! २००१ चं नोबेल हंट यांना लेलंड हार्टवेल आणि पॉल नर्स यांच्यासोबत मिळालं. त्या दोघांचं काम यीस्टवरचं. नर्स यांच्या प्रयोगशाळेत तर यीस्टच्या बिघडलेल्या जनुकाची उणीव माणसाच्या जनुकाने भरून काढली, आणि यीस्ट बिनतक्रार विभागू लागलं. हे १९८७ मध्ये.

विभागण्याचा निरोप बहुधा बाहेरून येतो. स्टॅन्ली कोहेन यांनी नवजात उंदरांना एक अर्क टोचला, तर पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले. त्या अर्कातून हाती लागलेला एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर म्हणजे असाच निरोप देणारं, जेमतेम ५३ अमिनो आम्लांचं प्रथिन.

मला मात्र लगाम घालणारी प्रथिनं जास्त भावतात. आरबी हे प्रथिन विभाजनाची जनुकं चालू करणाऱ्यांना धरून ठेवतं. सीडीकेचे पुरेसे शिक्के बसल्याशिवाय त्याची पकड सुटत नाही. पी-५३ ची तर कथाच वेगळी. १९७९ मध्ये ते सापडलं आणि पुढची दहा वर्षं कर्करोग घडवणारं म्हणून बदनाम झालं, कारण अभ्यासाला घेतलेली जनुकंच बिघडलेली होती. खरं काम नेमकं उलटं. डीएनएला इजा झाली की पी-५३ साठतं, पी-२१ हे दुसरं प्रथिन तयार करायला लावतं, आणि पी-२१ सीडीकेला जखडून ठेवतं. इजा दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर पेशीला मरण पत्करावं लागतं. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हेच जनुक बिघडलेलं असतं. निरोगी पेशीत पी-५३ फारसं सापडत नाही, कारण एमडीएम-२ हे आणखी एक प्रथिन त्याला सतत मोडीत काढत असतं. बनवायचं आणि लगेच मोडायचं, हा उधळेपणा वाटेल. पण संकटात नवं बनवत बसावं लागत नाही, मोडणं थांबवलं की झालं.

माझं रोजचं काम आज पुन्हा मोजण्याचंच आहे. गाठीच्या तुकड्यावर आम्ही की-६७ या प्रथिनाची तपासणी करतो. ते विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींत सापडतं, विसावलेल्यांत नाही. चक्रातल्या पेशींची केंद्रकं तपकिरी दिसतात, बाकीच्यांची निळी. शेकडा किती तपकिरी, यावरून गाठ किती वेगाने वाढतेय याचा अंदाज बांधायचा. मध्यंतरी एक शिकाऊ डॉक्टर नुसत्या तपकिरीच मोजून आकडा घेऊन आली. तिला पुन्हा भिंगाशी बसवलं.

"अगं, निळ्या किती आहेत?"