एमआरआय नॉर्मल होता, तरी फिट थांबत नव्हती

माझ्या धाकट्या भावाच्या फाइलमधला सगळ्यात चुरगळलेला कागद म्हणजे त्याच्या पहिल्या एमआरआयचा रिपोर्ट. शेवटची ओळ, मेंदूत कुठलाही दोष नाही. ती वाचून आम्ही सुटकेचा श्वास टाकला होता आणि मग त्याच ओळीच्या भरवशावर पाच वर्षं त्याच्या एपिलेप्सीच्या (अपस्माराच्या) नुसत्या गोळ्या बदलत राहिलो, याची हळहळ मला अजून वाटते.

त्याची फिट म्हणजे खाली पडून हातपाय झाडणं नव्हतं. पोटातून काहीतरी वर चढतंय असं वाटायचं, "ताई, येतंय" एवढंच म्हणायचा आणि मग नजर एकदम कोरी. तोंड काहीतरी चघळल्यासारखं हलायचं, डावा हात शर्टाचं बटण चाचपत राहायचा आणि उजवा आखडून वाकडा व्हायचा. दीड-दोन मिनिटांनी भानावर यायचा पण बराच वेळ शब्द सापडायचे नाहीत, समोरच्या पेनाला पेन म्हणता यायचं नाही.

नंतर ज्या डॉक्टर मिळाल्या त्यांनी आधी कागद पाहिलेच नाहीत, मला विचारलं, "चाचपतो कुठल्या हाताने? आखडतो कुठला?" मला दोन्ही नीट सांगता आलं कारण ते मी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, डाव्या टेम्पोरल लोबचा, म्हणजे मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागाचा, संशय आहे. घरच्यांनी सांगितलेलं किंवा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ इतका उपयोगी पडतो हे आम्हाला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं!

त्यांनीच समजावलं की नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट थांबत नसतील तर त्याला औषधांना न जुमानणारी एपिलेप्सी म्हणतात, आणि साधारण तीनात एका पेशंटचं असं होतं. तिसऱ्या-चौथ्या गोळीने पूर्ण आराम पडण्याची शक्यता फार थोडी उरते, म्हणून फिट जिथून सुरू होते तो भाग काढण्याच्या ऑपरेशनचा विचार तेव्हाच व्हायला हवा. आमचं पाचवं औषध चालू होतं.

मग एमआरआय परत. मी म्हटलं झालाय की, नॉर्मल आहे. पण साधा एमआरआय आणि एपिलेप्सीसाठीचा एमआरआय यात फरक असतो, एक-एक मिलिमीटरचे काप, आणि हिप्पोकॅम्पसच्या (टेम्पोरल लोबच्या आतल्या, आठवणींशी संबंधित भागाच्या) लांबीला काटकोनात घेतलेली चित्रं, शिवाय बघणाऱ्याला कुठे बघायचं ते माहीत हवं. २००२ साली जर्मनीतल्या एका अभ्यासात साध्या एमआरआयच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये ३९ टक्केच दोष पकडले गेले होते आणि खास पद्धतीने काढून तज्ज्ञांनी वाचल्यावर ९१ टक्के. हा आकडा मी खूप उशिरा वाचला आणि वाचून रडले.

डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. उजवीकडचा हिप्पोकॅम्पस छान गुबगुबीत, आणि डावीकडचा आक्रसलेला, दुसऱ्या एका चित्रात पांढुरका चमकणारा. पाच वर्षं तो दोष तिथेच असणार.

पण नुसतं चित्रात दिसलं म्हणून कापायचं असं नसतं, कारण दिसणारा डाग आणि फिट सुरू होण्याची जागा एकच असेल असं नाही. म्हणून व्हिडिओ ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी आणि व्हिडिओ एकत्र टिपायचे, औषधं कमी करून फिट येऊ द्यायची आणि रेकॉर्ड करायची (ते चार दिवस फार वाईट होते). मग पेट स्कॅन, त्यात फिट जिथून सुरू होते तो भाग फिट नसतानाही साखर कमी वापरतो म्हणून मंद दिसतो. तिन्हींनी डावा टेम्पोरल लोबच दाखवला. जुळलं नसतं तर मेंदूत बारीक इलेक्ट्रोड घालून शोधावं लागलं असतं.

आणि बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, म्हणून डावी बाजू म्हणजे भाषा जाण्याची भीती. फंक्शनल एमआरआयमध्ये त्याला मनातल्या मनात शब्द जुळवायला सांगितले आणि कुठला भाग कामाला लागतो ते पाहिलं. डोळ्यांकडून येणाऱ्या तंतूंचा एक वळसा त्याच लोबमधून जातो, त्याचाही नकाशा काढून ऑपरेशनच्या वेळी सर्जनसमोर ठेवला.

दिल्लीच्या एम्समधल्या मुलांवरच्या चाचणीत, २०१७ साली छापून आलेल्या, एका वर्षानंतर ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलं फिटमुक्त होती, नुसत्या औषधांवर ७ टक्के. भाऊ लहान मुलगा नाही, मोठा आहे, पण मोठ्यांच्या चाचणीतही फरक असाच ठळक होता आणि त्यानेच आम्हाला धीर दिला.

ऑपरेशनला चौदा महिने झाले. एकही फिट नाही. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर हळूहळू कमी करणार आहेत. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात थोडं कमी दिसतं आणि माणसांची नावं आठवायला वेळ लागतो, दोन्ही शक्यता आधीच सांगितल्या होत्या. परवा एका नातेवाइकाचं नाव त्याला आठवेना, मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाला, "थांब ताई, मला आठवू दे," आणि मी थांबले.